बोटाखालचा रिवेट

"शोधायचं ते सगळं मी शोधलंय, बाबा. तुम्ही फक्त हो म्हणायचं. म्हणाल ना?"

मैनुद्दीनबाबा हातोडीच्या दांड्याला चिंधी गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा श्रीरंग दातीर. जुन्या रेल्वेपुलांचे फोटो काढण्यात त्याने अकरा वर्षं घालवली होती आणि त्याचं पुस्तक तयार होतं. एकोणचाळीस पूल झाले होते, हा चाळिसावा. उद्या पानं छापखान्यात जायची होती.

बाबा या पुलावर चौतीस वर्षं रिवेट, म्हणजे लोखंड जोडणारे जाड खिळे, ठोकणारे मिस्त्री होते. निवृत्त होऊनही पुलाच्या पायथ्याची खोपी त्यांनी सोडली नव्हती. शेजारच्या वाघोडे गावातली माणसं त्यांच्याकडे मोडकी अवजारं घेऊन यायची आणि मोडके संसारही. बाबा दोन्हींकडे सारख्याच बारकाईने बघायचे, आणि बोलायचे फारच कमी.

"हो कशाला म्हणायचं, साहेब?"

श्रीरंगची कळी खुलली. हा प्रश्न त्याला हवाच होता.

"आजवर ज्यांनी ज्यांनी लिहिलं, त्यांनी हा पूल एकोणीसशे पाचचा लिहिलाय. एकाने दुसऱ्याचं उतरवलं, दुसऱ्याने तिसऱ्याचं. वर चढून कुणी बघितलंच नाही! मी चढलो. चौथ्या गाळ्यात गर्डरच्या लोखंडी तुळईवर कारखान्याची ओतीव पाटी आहे. ब्रशने घासली. साल निघालं अठराशे एकोणसत्तर!"

"बरं."

"बरं काय, बाबा? छत्तीस वर्षांचा फरक! जिल्ह्यातला सर्वांत जुना रेल्वेपूल तुमच्या दारात उभा आहे. मुखपृष्ठावर ती पाटीच घेतलीय. तिच्या शेजारी तुमचा एक फोटो हवा."

बाबा उठले. गुडघे कुरकुरले, पण चालणं ताठ होतं.

"चला. माझी पण येळ झालीच हाय."

गाड्या पलीकडच्या नव्या पुलावरून जात होत्या. या पुलावरचे रूळ कधीच उचलले होते आणि त्या जागी फळ्या टाकून गावाने पायवाट केली होती. तरी बाबा रोज सकाळी वर चढत आणि शंभर रिवेट वाजवून खाली येत. गावात काही जण त्यांना सरळ वेडा म्हणत.

"गाडी जात नाही, तर हे कशासाठी?" श्रीरंगने विचारलं.

"माणसं जात्यात की."

खांबांमधला चौथा गाळा आला. पाटी उन्हात चमकत होती. श्रीरंगने कॅमेरा डोळ्याला लावला आणि उगाचच थोडा खाली केला. पाटीपासून हातभर अंतरावर एक रिवेट नव्हता. नुसतं गोल भोक, आणि त्याभोवती खडूचं पांढरं कडं.

"बाबा, इथला रिवेट पडलाय! धोका नाही?"

"पडला न्हाई. ढिला हुता, मी काढला."

श्रीरंगला हसू आलं. असली वाक्यं फोटोखाली छान दिसतात. त्याने मनात टिपून ठेवलं.

"वाजवून बघता का, साहेब?" बाबांनी हातोडी पुढे केली. "डोक्याच्या एका अंगाला बोट ठिवायचं. दुसऱ्या अंगानं हलकं हाणायचं."

श्रीरंगने हाणलं. टण्ण.

"काय लागलं बोटाला?"

"काही नाही."

"म्हंजी घट्ट हाय. फुडचा."

टण्ण. टण्ण. सातव्या रिवेटला आवाज जवळजवळ तोच आला, पण बोटाखाली काहीतरी थरथरलं. अगदी किंचित. मुठीत धरलेल्या चिमणीसारखं.

श्रीरंगने दचकून बोट काढलं. "हा हलतोय!"

"दिसतोय हलताना?"

"नाही. दिसायला बाकीच्यांसारखाच आहे."

बाबांनी खिशातून खडू काढून त्याच्या हातात दिला.

"मी कशाला? तुम्हीच करा ना खूण."

"तसं चालत न्हाई. ज्याच्या बोटाला लागलं, खूण त्यानंच करायची. आमच्या मिस्त्र्यांच्या टोळीचा कायदा हाय ह्यो."

श्रीरंगने कडं काढलं. कधी नाही ती एक वेगळीच ऐट त्याच्या अंगात आली. अकरा वर्षं पुलांचे फोटो काढले, पण पुलाला हात लावून काही कळण्याची ही पहिलीच वेळ होती.

"आता ही बघा," बाबा म्हणाले. पाटीच्या खाली, गर्डरच्या पोटाला, भोकांची एक लांब ओळ होती. सरळ, सारख्या अंतरावर. "मोजा."

"बावीस."

"काय जोडलंय त्यांस्नी?"

श्रीरंग वाकला. आतून पाहिलं, बाहेरून पाहिलं. भोकांभोवती जुन्या रिवेटांच्या डोक्यांचे गोल वळ होते, पण जोडलेलं काहीच नव्हतं.

"काहीच नाही."

"हितं न्हाई."

...

श्रीरंग हुशार होता. त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही, आणि नेमकं तेच त्याला जड गेलं.

"हे गर्डर... दुसऱ्या पुलाचे आहेत?"

"माझा आज्जा हे गर्डर हलवणाऱ्या टोळीत हुता. तकडं मोठ्या नदीवर जड इंजिनं आली. हे गर्डर हलके पडले, म्हणून उतरवले. मालगाडीच्या वाघिणीत घालून हितं आणले आन् नव्या खांबांवर चढवले. पाच सालात."

म्हणजे ज्या साऱ्यांनी एकमेकांचं उतरवलं असं तो म्हणत होता, ते बरोबर होते. आणि एकटा वर चढलेला तो, चुकला होता.

श्रीरंग फळ्यांवर मटकन बसला. पिशवीतून त्याने तपासणीसाठी छापलेलं मुखपृष्ठाचं पान काढलं. पाटीच्या काळपट फोटोवरच एक ओळ मोठ्या अक्षरात होती. चाळीस पुलांचं पुस्तक याच एका ओळीवर विकलं जाणार होतं.

"पाटी खोटी नाही ना, बाबा?"

"न्हाई. पाटी खरी हाय."

"मी पाटीवरचंच साल लिहिलंय."

"व्हय."

"मग मी खोटं कुठे लिहिलं?"

बाबा नदीकडे बघत राहिले. एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन पुलावरून आली, बाबांना सलाम करून पुढे गेली. तिच्या पावलांनी फळ्या वाजल्या, मग थांबल्या.

श्रीरंगने आवाज खाली आणला. "ह्या गर्डरांची गोष्ट तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?"

"आजपातुर कुणालाच न्हाई."

"आणि आता?"

"आता तुला."

'साहेब' म्हणणं गेलं होतं. त्या 'तुला'त रागही नव्हता. रागावले असते तर भांडता आलं असतं, असं श्रीरंगला वाटून गेलं.

बाबा समोर येऊन बसले. पान श्रीरंगच्या हातात होतं. बाबांनी त्याच्या दुसऱ्या कडेवर बोट टेकवलं. हलकं, रिवेटवर टेकवावं तसं.

"मला वाचता येत न्हाई. काय लिवलंय?"

श्रीरंगने घसा साफ केला. सभेत बोलायची त्याला सवय होती, आवाज खणखणीत लागला.

"जिल्ह्यातला सर्वांत जुना रेल्वेपूल. अठराशे एकोणसत्तर."

आवाज कुठेही कापला नाही.

बाबांचं बोट कागदावरच होतं. श्रीरंगने खाली बघितलं.

कागद थरथरत होता.

वारा पडलेला होता...

बाबांनी बोट उचललं. खडू श्रीरंगच्या मुठीत होता, घामाने ओला झालेला. त्याला वाटलं, बाबा आता हात पुढे करतील, खडू घेतील आणि ही वेळ आपल्यावरून टळेल. बाबांनी हात मांडीवर ठेवले.

श्रीरंगने पान गुडघ्यावर सरळ केलं आणि त्या ओळीभोवती खडूचं कडं काढलं. एका दमात, न थांबता. काढून झाल्यावर त्याचं त्यालाच बरं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी छापखाना आठवला.

"बाबा, पान उद्या द्यायचंय! ही ओळ काढली, तर मुखपृष्ठ मोकळं पडेल. एवढ्या घाईत तिथे दुसरं काय लिहू?"

बाबांनी हातोडी उचलली. रिवेट नसलेल्या त्या भोकात करंगळी घातली, आत फिरवली, बाहेर काढली.

"मोकळं ऱ्हाऊ दे. मोकळं भोक निदान दिसतं तरी."