खिडकीवरच्या पांढऱ्या रेघा

जंगल संपून माणसांची वस्ती सुरू होते तिथे, करवंदीच्या एका जाळीत एक बुलबुल पक्षीण राहत असे. जाळीसमोरच द्वारकामावशींचे घर होते आणि त्या घराला दोन मोठ्या तावदानांची खिडकी होती. मावशींना स्वच्छतेचे भारी वेड. रोज सकाळी त्या ओल्या वर्तमानपत्राने काच अशी लख्ख पुसत, की तिच्यात समोरचा आंबा जसाच्या तसा दिसे. पाखरांना काय ठाऊक काच म्हणजे काय? ती त्या आंब्यावर बसायला सुसाट जात आणि थाडकन आदळत. काही उठत, काही उठतच नसत. बुलबुल स्वतः एकदा आदळली होती, तेव्हा अर्धा दिवस तिचे डोके गरगरत होते. आणि आता तिची तीन पिल्ले उद्या पहिल्यांदा उडणार होती! बिचारीला घास गोड लागेना.

"त्यात काय एवढं?" शेजारचा कावळा छाती फुगवून म्हणाला. "मी बसतो खिडकीत. मला बघून वाघसुद्धा वाट बदलतो!" वाघाने तसे कधी कबूल केल्याचे कोणाला आठवत नाही, पण ते असो. कावळा एका तावदानासमोर ऐटीत बसला. इतक्यात एक मुनिया उडत आली. कावळ्याला पाहून ती घाबरली खरी, पण घाबरून जराशी बाजूला वळली आणि दुसऱ्या तावदानावर जाऊन आपटली. नशीब, थोड्या वेळाने उठून उडाली. "तिचंच लक्ष नव्हतं," असे पुटपुटत कावळ्याने काढता पाय घेतला.

वळचणीला राहणारा कोळी हे सगळे पाहत होता. जाळे विणून झाले की हा कोळी त्यावर जाड पांढऱ्या धाग्याची नागमोडी नक्षी काढत असे आणि बाकीचे कोळी त्याला वेड्यात काढत. "बुलबुलताई," तो म्हणाला, "पाखरांनी उडता उडता माझं जाळं फाडू नये, म्हणून मी ही खूण ठेवतो. घाबरवून काय होणार? पुढे वाट नाही हे दिसायला हवं."

"मग माझ्या पिल्लांसाठी एवढं कराल का, कोळीदादा?"

"करतो की! पण मी एकटा, एकच तावदान होईल."

आणि दिवस मावळेपर्यंत खपून त्याने एक तावदान नक्षीने भरून टाकले.

सकाळ झाली. मावशी ओला कागद घेऊन आल्या. "अगंबाई, हे केवढं जळमट!" म्हणत त्यांनी हात उचलला. तेवढ्यात एक शिंजीर पक्षी त्याच तावदानाकडे भरधाव आला, पांढरी नक्षी पाहून गर्रकन वळला आणि निघून गेला. मावशींचा हात तिथेच थांबला. फाटकाजवळ त्यांनी आजवर कितीतरी पाखरे हळहळत पुरली होती. "मीच काच चकचकीत करत बसले गं बाई!" त्या स्वतःशीच म्हणाल्या. जाळ्याला त्यांनी हात लावला नाही. घरातून वाटीत चुना कालवून आणला आणि दुसऱ्या तावदानावर बाहेरच्या बाजूने, तीन-तीन बोटांच्या अंतरावर, वरपासून खालपर्यंत रेघा ओढल्या.

रेघा वाळतात न वाळतात तोच पिल्ले उडाली. पहिली दोन नीट आंब्यावर पोहोचली. तिसरे मुलखाचे धांदरट, ते सरळ खिडकीकडेच निघाले! बुलबुलने डोळे गच्च मिटले. थाडकन आवाज काही आला नाही. तिने हळूच एक डोळा उघडला, तर पिल्लू तिच्या शेजारीच बसलेले.

"आई, ती पांढऱ्या रेघांची भिंत कसली गं?"

"भिंतच आहे ती, बाळा," बुलबुल म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी तिने मोकळा श्वास घेतला.

"मी काल बसलो होतो ना, त्याचा गुण!" कावळा फांदीवरून ओरडला. त्याला कोणी खोडून काढले नाही. आज सगळेच फार खुशीत होते.

तात्पर्य : मुलांनो, नुसती भीती दाखवून कोणी वाचत नाही, धोका कुठे आहे हे दिसेल अशी खूण करावी लागते. म्हणून कोणाच्या खिडकीवर पांढऱ्या रेघा दिसल्या, तर त्या पुसायची घाई करू नका.