आजोबांची नाळ

सिंधणीच्या राजाची झोप फार हलकी होती. बायकांच्या बांगड्या किणकिणल्या की त्याची दुपारची डुलकी मोडायची. शेवटी वैतागून त्याने राज्यातून बांगड्याच हद्दपार केल्या. पंचाईत झाली ती भिवरा कासारणीची. तिचं आणि तिचा नवरा सोनबा याचं पोट बांगड्यांवर. दोघांनी माल गाढवावर लादला, घराला कडी घातली आणि नदीपलीकडच्या मोरखंड राज्याची वाट धरली. भिवराचे आजोबा मोरखंडात जन्मले होते, पुढे कामधंद्यासाठी अलीकडे आले होते. आजोबांच्या गावी कोणी नाही म्हणणार नाही, असं तिला वाटलं.

पण मोरखंडाचा राजा गंभीरराव याला आपल्या मातीचा भारी अभिमान. त्याचा हुकूम होता की, ज्याच्या आजोबांची नाळ मोरखंडाच्या मातीत पुरली असेल, तोच इथला. त्यानेच इथे घर बांधावं, दुकान मांडावं. बाकीच्यांनी पाणी प्यावं आणि परत फिरावं.

नाक्यावरच्या नाकेदाराने भिवराकडे आजोबांच्या गावच्या पाटलाचा दाखला मागितला. तिने जाऊन तो आणला. मग हा पाटील खराच पाटील कशावरून, असं त्याने विचारलं. तिने पाटलालाच आणून उभं केलं. नाकेदाराने पाटलाला खालून वर न्याहाळलं आणि तो भिवराला म्हणाला, ते आजोबा तुझेच कशावरून, दुसऱ्या कोणाचे असतील.

"दुसऱ्यांचेही आहेतच की," भिवरा म्हणाली. "माझ्या चुलत भावंडांचे."

नाकेदाराला हे आवडलं नाही. त्याने तिला थेट दरबारात धाडलं.

गंभीररावांनी सगळं ऐकून घेतलं, दाखला बघितला आणि बाजूला टाकला. दाखले काय, कोणीही लिहून देतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. मिशीवरून हात फिरवत ते म्हणाले, "नाळ इथे पुरली म्हणतेस ना? मग उकरून आण. उद्या दरबारात नाळ दिसली तर राहा. नाही दिसली तर गाढव हाक आणि नदी उतर."

दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. राजाने काहीही म्हटलं तरी त्या डोलायच्याच.

भिवरा घाटावर आली तेव्हा सोनबा गाढवाशेजारी बसून होता. सगळं ऐकून त्याचा चेहरा पडला. इतक्या वर्षांची नाळ गांडुळांनी कधीच खाल्ली असेल, तो म्हणाला. आपण माघारी जाऊ, बांगड्या नदीत सोडू आणि दुसरं काही विकू. भिवराला रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला. ज्या राजाने आयुष्यात कुदळ हातात धरली नाही, तो दुसऱ्यांचे आजोबा उकरायला निघालाय! मग एकाएकी उठली आणि नावाड्याची कुदळ मागून आणली.

दुसऱ्या दिवशी ती कुदळ खांद्यावर टाकून दरबारात शिरली. नाळ कुठाय, राजाने विचारलं.

"खणायला निघालेच होते महाराज, पण अडले. जुनी नाळ दिसते कशी, हेच मला ठाऊक नाही. उगाच कुणाचं आल्याचं मूळ आणून ठेवायचे. तेव्हा नमुना म्हणून आधी महाराजांच्या आजोबांची बघते. कुठे खणू?"

नाकेदार पुढे धावला, पण राजाने त्याला हातानेच थांबवलं. गंभीररावांना उलट आनंद झाला. आजोबांचा विषय निघाला की त्यांची छाती फुगायची. त्यांनी घराण्याच्या भाटाला बोलावलं आणि आजोबांचा जन्म ऐकवायला सांगितला. भाटाने घसा साफ केला. चौघडे कसे झडले, हत्तीवरून साखर कशी वाटली, ते त्याने खड्या आवाजात सांगितलं.

"महाराजांचे आजोबा घरातले थोरले का?" भिवराने विचारलं.

"थोरलेच!" राजा म्हणाला. "आमच्याकडे गादी थोरल्यालाच मिळते."

"म्हणजे त्यांच्या आईसाहेबांचं ते पहिलं बाळंतपण. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी करतात. राजघराण्यात कसं असतं?"

भाट काहीतरी बोलणार होता, पण त्याने तोंड मिटलं. राजाने दरडावलं तेव्हा तो पुटपुटला, की राजघराण्यातही माहेरीच करतात.

"मग आईसाहेबांचं माहेर कुठलं?"

भाट जमिनीकडे बघत म्हणाला, "सिंधणी."

दरबारात कोणाची मान डोलली नाही. नाकेदार हळूच खांबाआड सरकला.

भिवराने कुदळ खाली ठेवली. "म्हणजे खणायला नदीपलीकडे जावं लागेल. आणि हुकूम हुकूमच, तेव्हा महाराजांनाही तिकडेच राहायला जावं लागणार. काळजी नको. आमचं तिथलं घर रिकामंच आहे. छप्पर गळत नाही, विहिरीला पाणी गोड आहे. फक्त राणीसाहेबांना बांगड्या काढून यायला सांगा, तिथल्या राजाची झोप मोडते."

राजाची मिशी थरथरली. आता हिची धडगत नाही, असं सगळ्यांना वाटलं. तेवढ्यात गंभीरराव खो खो हसत सुटले. हसता हसता पगडी कानावर आली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यांचं हसू थांबेना. मग त्यांनी तिथल्या तिथे हुकूम मागे घेतला, वाड्यासमोरची मोक्याची जागा भिवराला दुकानासाठी दिली आणि वर नाक्याचा कारभारही तिच्याच हाती सोपवला. जुन्या नाकेदाराला गाढवावरचा माल उतरवायला पाठवलं.

"पण नाकेदारीणबाई," डोळे पुसत राजा म्हणाला, "आता पहिलं प्रकरण माझंच आलं की. नाळ पलीकडची निघाली. माझं काय करायचं?"

भिवराने राजाला खालून वर सावकाश न्याहाळलं. मग कारकुनाकडे वळून म्हणाली,

"लिहा. माणूस बरा दिसतो. राहू द्या."