मांडवाखालची तांबडी

खाडीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात सावली सोडून सगळं काही होतं. माणसं मिठागरात राबायची. वरून ऊन भाजायचं, आणि तेच ऊन पांढऱ्या मिठावरून उसळून पुन्हा तोंडावर यायचं.

पण देवाची दया म्हणा, मिठागराच्या बांधावर एक झुडूप उगवायचं. पानं तांबूस, म्हणून गाव त्याला तांबडी म्हणायचं. गावचे वैद्यबुवा ती पानं वाटून लेप करायचे. तो लावला आणि डोक्याला फडकं बांधलं की कातडी सोलवटायची नाही.

वैद्यबुवा भारी मायाळू. एकदा त्यांच्या मनात आलं, गावाला जपणारी ही तांबडी स्वतः मात्र उन्हात होरपळते! झालं. बांधावरची झुडपं त्यांनी मुळासकट आणून अंगणात लावली, वर झावळ्यांचा मांडव घातला, दोन वेळा पाणी घातलं. झाडं तरारली. पानं हिरवीगार झाली. बुवा येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ती दाखवत.

उन्हाळा चढला आणि एक मीठ ओढणारी बाई बुवांच्या दारात आली. गालांवर फोड, नाकाची साल निघालेली.

“बुवा, लेप बदललात का हो?”

“बदलला नाही गं, सुधारला! पानं बघ कशी लुसलुशीत!”

“पानं राहू द्या, माझं तोंड बघा. पावसाआधी मीठ उचललं नाही तर वर्षाची मेहनत विरघळून जाईल. आणि मला तर उन्हात उभं राहवत नाही.”

बुवा चपापले. “यंदा ऊनच कडक आहे,” असं काहीतरी पुटपुटले.

बाई मात्र चौकस होती. परतताना बांधावर, दगडाच्या फटीत, तिला बुवांच्या नजरेतून सुटलेली एक तांबडी दिसली. खुरटी, शेळ्यांनी कुरतडलेली, पानं जाड आणि लालसर. तिने एक पान चावलं. तोंड असं तुरट झालं की डोळेच मिटले! तशीच मागे फिरली आणि अंगणातलं पान चावलं. नुसतं गवत.

“बुवा, तुमचे हात उन्हाला सरावलेले नाहीत,” ती म्हणाली. “एका हाताला मांडवातला लेप लावा, दुसऱ्याला बांधावरचा. आणि एक दिवस या आमच्यासोबत.”

गाव हसलं. पण बुवा मनाचे खरे. ते आले आणि दिवसभर उन्हात उभे राहिले. संध्याकाळी त्यांचा डावा हात शिजवलेल्या खेकड्यासारखा लाल झाला होता. बांधावरचा लेप लावलेला उजवा हात होता तसाच होता.

बुवा दोन्ही हातांकडे बघतच राहिले. “झाड तेच, वाटणारा मीच. मग फरक कसला?”

बाई विचार करत म्हणाली, “तांबडी तो तुरट रस आपल्यासाठी थोडाच बनवते? ऊन पोळतं, म्हणून स्वतःची पानं वाचवायला बनवते. मांडवाखाली तिला तो कशाला लागेल?”

“म्हणजे मांडव काढू? करपतील गं माझी लेकरं!”

“हळूहळू काढा.”

बुवा रोज एकेक झावळी काढू लागले. हिरवी पानं गळाली. दोन झुडपं तर वाळूनच गेली, आणि बुवांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण उरलेल्यांना पंधरा दिवसांत नवी पालवी फुटली. ती तांबडी होती. लेप पुन्हा गुणाला आला, बाई पुन्हा उन्हात उभी राहिली, आणि ढग यायच्या आत तिच्या मिठाची शेवटची रास छपराखाली गेली.

गेलेल्या दोन झुडपांची हळहळ बुवांना फार दिवस लागून राहिली. मांडव मात्र त्यांनी पुन्हा घातला नाही.

तात्पर्य: माया करावी, पण उन्हाशी गाठच पडणार नाही इतकी करू नये. ज्याने ऊन सोसलं नाही, त्याच्याजवळ उन्हावरचा उतारा नसतो.