पाचवा खडा

त्या राज्यात पंख सगळ्यांना होते, पण उतरायला जागा एकच होती. तळ्याच्या मधोमध वाळूची एक अरुंद पट्टी आणि तिच्या दोन्ही बाजूंना पाय गिळणारा चिखल. म्हणून पट्टीच्या कडेला सहा दगड होते आणि प्रत्येक दगडावर एक टिटवी.

रीत साधी होती. दूरवरून थवा हाक देई, टिटवी त्याला नंबर सांगे. म्होरक्याने तोच नंबर परत म्हणून दाखवला, की ती दगडाच्या खाचेत एक खडा ठेवी. थवा उतरला की खडा बाजूला. एका टिटवीने पाचच खडे सांभाळावेत, असा जुना नियम होता.

पुढे दोन टिटव्या म्हाताऱ्या झाल्या, एक आजारी पडली, दोघींना राजवाड्यात स्वागतगीतं गायला नेलं. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. प्रधान करकोचा दरबारात म्हणाला, “दहा वर्षांत पंखाला पंख लागलेला नाही. मग सहा जणी हव्यात कशाला?” सगळ्यांनी माना डोलावल्या.

उरली एकटी तांबी. तिने आठ खडे सांभाळले, मग अकरा, ऐन हंगामात चौदा. पाणी प्यायलाही ती दगडावरून उतरत नसे. सगळे तिचं कौतुक करत, आणि ते ऐकून तिलाही वाटे, जमतंय की आपल्याला.

एका दुपारी वारा सुटला. तांबीची पापणी क्षणभर मिटली आणि एक खडा घरंगळून पाण्यात पडला. तेवढ्यापुरता एक थवा तिच्यासाठी आभाळात उरलाच नाही. त्याचा नंबर तिने दुसऱ्याला दिला आणि दोन थवे एकदमच पट्टीकडे झेपावले. शेवटच्या घटकेला एका बदकिणीने मान वळवली, म्हणून निभावलं. एका पिल्लाचं पीस मात्र गिरक्या घेत तांबीच्या पायाशी येऊन पडलं.

तिने घडलं ते सगळं प्रधानाला कळवलं. उत्तर आलं, “सगळे उतरले ना? मग झालं तर.”

तांबीने ते पीस दगडाच्या फटीत खोचून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिने पाच खडे मांडले आणि सहाव्या थव्याला सांगितलं, “वरच थांबा. फेऱ्या मारा.”

आभाळात कल्लोळ उठला. “काय गं तांबाक्का, पाचाच्या पुढचे आकडे विसरलीस वाटतं?” एक हंस ओरडला.

“विसरले होते कुठे थांबायचं ते. आज आठवलं,” तांबी म्हणाली. “फिरत राहा, दादा.”

दुपारपर्यंत तळ्यावर थव्यांचं मोठं रिंगण झालं. त्यातच प्रधान मेजवानीहून परतला.

“मी प्रधान आहे!”

“ऐकू आलं, प्रधानजी. तुमच्या आधी तीन थवे आहेत.”

“माझे पंख भरून आलेत!”

“सगळ्यांचेच आलेत. निदान शाबूत आहेत.”

करकोचा फिरत राहिला. खाली पाहण्यावाचून त्याला दुसरं काम नव्हतं. ते सहा दगड त्याने पहिल्यांदाच वरून पाहिले. पाचांवर शेवाळ, सहाव्यावर एक ठिपका.

वारा पुन्हा सुटला. अखेर तांबीने त्याला हाक दिली, “पाचवा.”

“पाचवा,” घसा खाकरून त्याने परत म्हटलं.

उतरला तो तणतणतच तिच्या दगडापाशी गेला. तांबीने मान वळवली नाही. खाचेत चार खडे होते. पाचवा तिने पायाखाली घट्ट दाबून धरला होता. नख्या वळल्या होत्या.

“हा असा का धरलाय?”

“तिथली खाच झिजलीय. वाऱ्याने गेला असता.”

“कोणता थवा हा?”

“थवा नव्हे. तुम्ही होतात, प्रधानजी.”

तांबीने पाय उचलला, खडा कडेला सारला आणि आभाळाकडे पाहून पुढची हाक दिली. करकोचा त्या खड्याकडे बघत राहिला. वाऱ्याने तो हलला, घरंगळला आणि पाण्यात गेला. आवाजसुद्धा झाला नाही.