गाठवेलीची राखण

डोंगराखालच्या एका गावात बारकू नावाचा एक भोळा माणूस राहायचा. सांगाल ते तो मनापासून ऐकायचा. अडचण तेवढीच होती.

एकदा शहरातून केतकीबाई आल्या. डोंगरावर औषधाची कोणती झाडं कुठे आहेत, याचा नकाशा त्यांना करायचा होता. त्यांचा जीव टांगणीला लागला होता तो गाठवेलीपायी. गावात कुणाचा पाय मुरगळला, की ठकूआजी तिचाच पाला बांधायची. पण ओरबाडून ओरबाडून साऱ्या डोंगरावर आता एकच वेल उरली होती. शेंगा पिकेपर्यंत ती टिकली, तर बी मिळणार. नाहीतर संपलंच.

बाईंनी मदतीला घेतलं बारकूला.

"बारकू, ओढ्याकाठच्या रानतुळशीची एक फांदी आण. नमुना ठेवायचाय."

बारकूने फांदी खिशात कोंबून आणली. चुरा झाला.

"अरे देवा! असं नाही. कागदात घालायचं, वर धोंडा ठेवायचा आणि चांगलं दाबायचं."

"बरं बाई. आता तस्संच करतो."

दुसऱ्या दिवशी बाईंना बियांसाठी पिकलेली करवंदं हवी होती. बारकूने ती कागदात घातली. वर धोंडा ठेवला. धोंडा हलका वाटला, म्हणून वर स्वतः बसला. कागद म्हणून त्याने बाईंचा नकाशाच घेतला होता.

ठकूआजी जांभळा नकाशा बघून म्हणाली, "बाई, एवढी करवंदं आमच्या डोंगरावर नाहीत हो."

बाई रडकुंडीला आल्या. "अरे, दाबायचं नव्हतं! धुवायचं, राखेत घोळायचं, उन्हात वाळत घालायचं!"

"बरं बाई. आता तस्संच."

मग बाईंनी शाळेच्या अंगणात लावायला हिरड्याचं रोप आणायला सांगितलं. बारकूने रोप धुतलं. राखेत घोळलं. कौलांवर वाळत घातलं.

"सगळं केलं बाई. बिया तेवढ्या निघाल्या नाहीत."

बाईंनी कपाळाला हात लावला. "बारकू, जिवंत झाडाला काही म्हणजे काही करायचं नाही! भोवती कुंपण घालायचं, पाटी लावायची आणि कोणाला जवळ येऊ द्यायचं नाही. अगदी मी आले तरी!"

"बरं बाई."

त्यांनी त्याला पाटी दिली आणि गाठवेलीकडे धाडलं. पाटीवर लिहिलं होतं, 'हात लावू नये.'

दुपारी बाई वर गेल्या. बारकूने काट्यांचं झकास कुंपण घातलं होतं. आत गाठवेल होती. आत ठकूआजीची शेळीही होती.

"बारकू! शेळी!"

"मागे व्हा बाई!" बारकूने काठी आडवी धरली. "कोणाला येऊ द्यायचं नाही."

"अरे, मग ती कशी आली?"

"ती आली नाही बाई. ती आधीपासूनच होती."

बाई काट्यांतून ओढणी फाडून आत घुसेपर्यंत वेल शेंगांसकट संपली होती. बारकूने कुंपणात डोकावून पाहिलं.

"बाई, वेल कुठे गेली हो?"

"कुठे जाणार? शेळीच्या पोटात!"

"अच्छा," बारकू म्हणाला.

संध्याकाळी ठकूआजी धार काढायला तांब्या घेऊन निघाली. गोठ्याला चहूबाजूंनी काटे लागले होते. शेळीच्या गळ्यात पाटी होती. दारात काठी घेऊन बारकू उभा होता.

"मेल्या, हो बाजूला! धार काढू दे!"

"हळू बोला आजी," बारकू म्हणाला. "शेंगा पिकायच्यात अजून."