साळिंदराच्या पत्रावरची ओळ

त्या दिवशी सकाळी जंगलात विशेष काही घडत नव्हते. माकडे उंबरावर भांडत होती, रानडुकरे माती उकरत होती, आणि डोंगराच्या पायथ्याशी, आपल्या बिळाच्या तोंडाशी बसून एक साळिंदर सागाच्या पानावर चित्रे काढत होता. सागाचे कोवळे पान चोळले की बोटे लाल होतात, हे तुमच्यापैकी काहींनी करून पाहिले असेल. साळिंदर आपल्याच गळून पडलेल्या काट्याने पानावर रेघ ओढी, आणि ती तशीच लाल उमटे. महिनाभरात जे जे पाहिले, ते तो एकेका पानावर काढी. चोवीस प्राण्यांनी "आम्हालाही पाठवत जा" म्हणून आपली नावे दिली होती. दर पौर्णिमेला चोवीस पाने गुंडाळून, गवताने बांधून तयार होत आणि खार ती घरोघर पोचवी. पूर्वी पाने गुंडाळायचे काम साळिंदराची बायको करी. मागच्या उन्हाळ्यात ती वारली. तेव्हापासून तो एकटाच सारे करत होता. अंगावरच्या काट्यांमुळे त्याच्याजवळ फारसे कुणी बसत नसे. ही पत्रे हाच त्याचा शेजार होता.

खार आली ती शेपूट खाली टाकूनच. "दादा, एक सांगू? रागावू नका."

"सांग."

"तुमची पत्रं कुणी उघडत नाही हो. काल फिरता फिरता पाहिलं. चोवीसातली एकवीस तशीच बांधलेली. सशाने तर त्यांचं अंथरूण केलंय. म्हणतो, ऊब छान येते."

साळिंदराने हातातला काटा खाली ठेवला. "चित्रं बिघडली असतील माझी."

"उघडली तर बिघडली की नाही ते कळणार ना! अजून दोन पौर्णिमा बघते मी. मग मात्र माझ्याच्याने होणार नाही. न उघडलेलं ओझं वाहून पाय दुखतात."

हे बोलणे वाटेने जाणाऱ्या कोल्ह्याने ऐकले. तो जवळ येऊन बसला, अर्थात काट्यांपासून अंतर राखून. "अहो चित्रकार, पानावर बाहेर काय लिहिता?"

"साळिंदराचे चित्रपत्र, आणि पुढे कितवे ते."

"झालं! हे वाचून कोण उठणार आहे? बाहेर लिहा, 'वाघ निघाला आहे, तुमच्याच वाटेने!' मग बघा कशा गाठी सुटतात."

"पण आत तर आळंबीची आणि पाणकोंबडीची चित्रं आहेत."

"एकदा उघडलं की उघडलं," कोल्हा म्हणाला आणि निघून गेला.

साळिंदराला ते पटले नव्हते, पण पत्रे बंद पडण्याची भीती मोठी होती. त्याने पौर्णिमेच्या चोवीस पानांवर कोल्ह्याचे वाक्य लिहिले. झाडून सगळ्यांनी पाने उघडली. पण आतली आळंबी कुणी पाहिली नाही. ससा पोरांना घेऊन दोन दिवस बिळात उपाशी बसला. हरणांचा कळप नदीपार पळाला आणि त्या धावपळीत एका पाडसाचा पाय मुरगळला. खरे कळल्यावर रानडुकराने पान चिखलात तुडवले. "आता मला कुणी दारात उभं करत नाही," खार म्हणाली. "दादा, एकच पौर्णिमा उरली."

दुसऱ्या दिवशी साळिंदर क्षमा मागायला निघाला. सगळ्यात आधी तो हरिणीकडे गेला. पाडस पाय ओढत चालत होते. त्याने वाकून क्षमा मागितली. हरिणी म्हणाली, "पाय बरा होईल त्याचा. पण भाऊ, तुमच्याकडून हे नव्हतं वाटलं. वहिनी होत्या तेव्हा तुमचं एकही पत्र मी तसंच ठेवलं नाही."

"चित्रं तर तेव्हाही मीच काढत होतो."

"हो, पण आत आपलं काही आहे हे कळायचं ना." हरिणीने करवंदीच्या जाळीतून एक वाळलेले पान ओढून काढले. त्यावर बाहेर बारीक अक्षरात लिहिले होते : 'तुमच्या धाकट्याने ओढा ओलांडला. उडी डाव्या कोपऱ्यात आहे.'

अक्षर साळिंदराच्या बायकोचे होते. बायको पाने बांधताना काहीतरी लिहिते हे त्याला ठाऊक होते. पण ती ज्याचे त्याचे नाव लिहीत असेल, असे तो समजत आला होता.

मग तो महिनाभर दारोदार हिंडला. रानडुकराने आधी पुष्कळ सुनावले. "वाघ म्हणे! मी त्या दिवशी पळताना बाभळीत शिरलो, माहीत आहे?" साळिंदराने सगळे ऐकून घेतले. अस्वल म्हणाले, "मला चित्रातलं काही कळत नाही. भीड म्हणून नाव दिलं होतं." मुंगसाचेही तेच. साळिंदराने दोघांची नावे यादीतून काढली आणि त्याबद्दल राग धरला नाही. बाकीच्यांकडे तो बसला, त्यांचे काय चालले आहे ते विचारले, आणि घरी येऊन चित्रे काढली. पौर्णिमेला बावीस पाने निघाली. प्रत्येकावर वेगळी ओळ होती. रानडुकराच्या पानावर होते : 'तुम्ही उकरलेल्या जागी काय उगवलंय ते पाहा.' सशाच्या पानावर : 'ओढ्यापलीकडे दूर्वा आहेत, तिथवरची वाट काढली आहे.' आणि जे बाहेर लिहिले, ते आत काढलेले होते.

चार दिवसांनी खार उड्या मारत आली. "दादा, सोळा! बावीसातली सोळा उघडली! ससा पोरांना घेऊन दूर्वा खायला गेलाय. रानडुक्कर विचारत होतं, ते रोप कसलं म्हणून."

"आणि उरलेली सहा?"

"त्यांना अजून भरवसा वाटत नाही. वाटेल हळूहळू. पुढच्या पौर्णिमेला येते मी."

"तुझे पाय दुखतात ना?"

"पाय काय हो, दुखतच असतात," म्हणत खार झाडावर चढली.

साळिंदराने नवे पान पुढ्यात घेतले. आता एकेक ओळ सुचायला त्याला अख्खी सकाळ लागे. बायकोला या ओळी कशा सुचत, हे त्याने तिला कधी विचारले नव्हते. ते राहूनच गेले.

तात्पर्य : आपले काम कुणी उघडून पाहावे असे वाटत असेल, तर आधी आपण त्याची विचारपूस करावी, आणि जे आत आहे तेच बाहेर सांगावे.