पोशाची अंगाबरहुकूम होडी

खाडीकाठच्या एका गावात पोशा नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती? सांगितलेलं तेवढंच ऐकायचा आणि ऐकलेलं तेवढंच करायचा. त्यात वाईट काय, म्हणाल. ऐका तर खरं.

त्या गावातल्या होड्या जरा निराळ्या. लांबट, निमुळत्या, वरून फळ्यांनी झाकलेल्या आणि मधोमध एकच भोक. त्या भोकात कमरेपर्यंत शिरायचं आणि वल्हं मारायचं. भोक सैल झालं तर पाणी आत, घट्ट झालं तर माणूस बाहेर येईना. म्हणून शिंपी सदरा बेततो तशी तिथला सुतार होडी बेतायचा.

पोशाचं लग्न ठरलं. मुलीचं नाव मथी. तिचा बाप हिरू तांडेल खाडीच्या तोंडाशी राहायचा. माणूस भारी कडक. त्यानं पोशाच्या आईला बजावलं, "नवरदेवानं स्वतःच्या होडीतून यायचं आणि मागं बसवून नवरीला न्यायचं, ही आपली रीत. होडी त्याच्या अंगाला बसलेली हवी. आणि दिवस मावळायच्या आत मथीचं पाऊल तुमच्या उंबऱ्यात पडलं नाही, तर पोरगी माझी माझ्या घरी."

आई बिचारी घाबरली. एकुलता एक पोरगा, त्यात हा असा. पुन्हा कोण देतंय मुलगी! तिनं पोशाला नागो मिस्त्रीकडं पिटाळलं.

मिस्त्री म्हणाला, "मांड्यांचं माप आण. दोन्ही मांड्या जुळवून सुतळी गुंडाळ. पण नीट आण हो, माप सुटता कामा नये."

पोशा घरी गेला. मांड्या जुळवल्या, सुतळी गुंडाळली, वर गाठ मारली. आणि तसाच टुणटुण उड्या मारत भर बाजारातून मिस्त्रीकडं आला.

"अरे गाढवा, हे काय?"

"सुटलं नाही बघा!"

"माप घेतलं की गुंडाळायचं आणि कमरेला खोचून आणायचं!"

"चुकलंच की," पोशा म्हणाला. "आता तसंच करतो."

मग पायाच्या लांबीचं माप हवं होतं. मिस्त्री म्हणाला, "पायाएवढा बांबू तोडून आण." पोशानं बांबू तोडला आणि गुंडाळायला बसला. बांबू कुठला गुंडाळतोय! पोशानं तो दगडानं चेचला, पिळला, त्याच्या चिपा केल्या आणि कमरेला खोचल्या. आला तो आयाई गं, आयाई गं करतच.

"अरे, असलं माप खांद्यावर टाकून आणतात!"

"चुकलंच की. आता तसंच करतो."

राहिलं बुडाचं माप. मिस्त्री म्हणाला, "खाडीवर जा, ओल्या चिखलात बस. ठसा उमटेल, त्याचं माप आण." पोशा गेला, बसला, उठला. ठसा मोठा झकास उमटला होता. पोशानं तो फावड्यानं उचलला आणि घेतला खांद्यावर. मिस्त्रीच्या दारात पोचला तेव्हा बुडाचा ठसा पाठीवरून ओघळून पुन्हा बुडापाशीच आला होता.

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. "बाबा रे, तू मापच आणू नकोस. तूच येऊन बस!"

मिस्त्रीनं त्याला फळीवर बसवलं, कोळशानं रेघ मारली आणि रेघेवर भोक कापलं. होडी अशी बसली म्हणता, पोशाचं दुसरं कातडंच जणू! मिस्त्री म्हणाला, "एकदा आत बसलास की बूड हलवायचं नाही. कुणी काहीही म्हणो."

लग्नाच्या दिवशी पोशा बाशिंग बांधून वल्हं मारत निघाला. काय ऐट! सासरच्या धक्क्याला लागला. हिरू तांडेल हात जोडून म्हणाला, "उतरा, जावईबापू."

"नाही."

"अहो, मुहूर्त टळतोय!"

"टळू दे. मी हलणार नाही."

करतात काय? आठ जणांनी होडीसकट नवरदेव उचलला आणि मांडवात नेऊन ठेवला. सासूबाई पाय धुवायला तांब्या घेऊन आल्या. होडीभोवती दोनदा फिरल्या.

"पाय कुठायत हो?"

"आत आहेत," पोशा म्हणाला.

भटजी म्हणाले उभे राहा, पोशा म्हणे नाही. मामांनी ओढलं, मावशीनं गुदगुल्या केल्या, काही उपयोग नाही. मथी मात्र हार घेऊन उभी होती आणि हसू आवरत होती. तिला हा वेडा आवडला होता, खोटं कशाला सांगू!

शेवटी नागो मिस्त्रीला पंगतीतून उठवून आणलं. तोंडातला लाडू तसाच. तो ओरडला, "अरे, ते पाण्यात! होडी जमिनीला टेकली की उतरायचं, मागं वळून न बघता सरळ चालू लागायचं!"

"चुकलंच की. आता तसंच करतो," म्हणत पोशा टुणकन बाहेर आला.

लग्न लागलं. पण या गोंधळात भरती सरली, ओहोटी लागली. उन्हं उतरली होती. पोशानं मथीला मागं फळ्यांवर बसवलं आणि जोर लावून वल्हवायला लागला. ओहोटीच्या उलट, घामाघूम होत. समोर घर दिसायला लागलं. दारात आई मापटंभर तांदूळ उंबऱ्यावर ठेवून उभी. आता थोडकंच राहिलं!

एवढ्यात खाडीच्या मधोमध होडीचा तळ वाळूच्या दांड्याला टेकला. खर्रर्र.

पोशा उठला. बाहेर आला. आणि गुडघाभर पाण्यातून सरळ चालू लागला.

त्याचं वजन उतरताच होडी हलकी झाली, तरंगली आणि ओहोटीबरोबर उलटी निघाली. थेट माहेराकडं.

"अहो!" मथी ओरडली.

"काय गं?"

"अहो, मी चालले!"

"मीही चाललोय!" पोशा खुशीत म्हणाला. बायको बोलकी आहे, त्याला बरं वाटलं.

दिवस मावळला तेव्हा पोशा निथळत दारात उभा राहिला. आईनं ओवाळायचं ताट खाली ठेवलं. "अरे, सून कुठाय?"

"ही काय, माझ्या मागं."

"मागं कुणी नाही रे!"

पोशानं मान ताठ ठेवली. "नीट बघ गो आये," तो म्हणाला. "मला मागं बघायची मनाई आहे."